अव्वल दर्जातले चार तास

कोकिळाची ट्रंक दमणीतच होती. माझी ट्रंक हमालानं केव्हाच वजनकाट्याकडे नेली होती. तिची मात्र आत्यानं उतरवू दिली नाही. दमणी हाकणाऱ्या वैजीनाथला तिनं बजावलं, की बैल सोड, वैरण टाक, पण आगगाडी निघेपर्यंत परभणी स्टेशनच्या दारातून हलू नकोस. झरीला परत जाताना दमणीत एक बाईमाणूस बसेल की दोन, हे आत्या त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवणार होती.

साल १९३७, भाद्रपद महिना. मी उस्मानियातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि जमिनीच्या रसायनाचा पुढचा अभ्यास करण्यासाठी निजाम सरकारनं मला दोन वर्षांचा वजीफा मंजूर केला होता. मुंबईपर्यंत अव्वल दर्जाचा पास आणि पुढे विलायतेच्या बोटीत दोघांची खोली, असा हुकूम होता. बायकोला न्यायची मुभा होती, पण याच बोटीनं, मागाहून नाही. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मी हैदराबादच्या वसतिगृहात आणि कोकिळा झरीत, त्यामुळे त्या चार वर्षांत आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस एकसष्ट भरत होते. मोजायची मला सवय आहे. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर पुढं एकमेकांना नाव विचारायची पाळी येईल, असं कोकिळा एकदा म्हणाली होती. तेव्हा ती हसली नव्हती.

आत्या म्हणजे तानुबाई, वडिलांची थोरली बहीण. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या या आत्यानं मला वाढवलं. वडील तिच्या शब्दाबाहेर नव्हते आणि तिनं हो म्हटल्याशिवाय कोकिळा घराचा उंबरा ओलांडणार नव्हती. आत्याची हरकत समुद्राला नव्हती. धर्म बुडेल असं ती एकदाही म्हणाली नाही. तिची हरकत घाणीला होती. आयुष्यात एकदाच ती आगगाडीत बसली होती, तिसऱ्या वर्गानं, नांदेडपर्यंत. माणसं भाकरी खातात त्याच डब्यात, एका फळीच्या दाराआड माणसं विधी उरकतात हे तिनं पाहिलं आणि तीन दिवस तिच्या घशाखाली अन्न उतरलं नाही. आमच्याकडे गरिबातला गरीब माणूससुद्धा त्यासाठी घरापासून लांब रानात जातो. एका दिवसाच्या गाडीत हे, तर वीस दिवसांच्या बोटीत काय असेल, असा तिचा सवाल होता. "तू बाप्या हायेस, तू जा," ती मला म्हणाली. "पोरीला मी उकिरड्यात धाडायची न्हाई."

म्हणून महिनाभर मी तिला अव्वल दर्जाची वर्णनं ऐकवत होतो. वेगळी खोली, वेगळं स्नानघर, कुणाचा धक्का नाही, कुणाची थुंकी नाही. शेवटी ती म्हणाली, बघतेच मी. दुपारी तीनच्या मनमाड गाडीसाठी आम्ही सकाळी अकराला स्टेशनात पोचलो ते या पाहणीसाठी.

वेटिंग रूममध्ये आधी मी एकटा गेलो. लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या, छताला दोरीनं ओढायचा कापडी पंखा, संगमरवरी टेबल, माणसाएवढा आरसा. दारातून पाहिलं तर मी सांगितलं होतं तसंच सगळं. जवळून पाहिल्यावर पंख्याच्या झालरीवर माशांनी केलेले काळे ठिपके दिसले; एका वितीत चाळीस मोजले आणि सोडून दिलं. आरशाखाली सर्वांच्या वापरासाठी साखळीनं बांधलेली फणी होती. तिच्या दातांत तीन निरनिराळ्या माणसांचे केस होते, एक काळा, एक पिकलेला आणि एक मेंदीनं लाल केलेला. स्नानघरात साबणाच्या ओल्या वडीला आखूड कुरळा केस चिकटला होता. टबाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, तेलकट मळाची रेघ उमटली होती. कुणीतरी पाणी कुठवर भरलं होतं ते त्या रेघेवरून समजत होतं. कॉलेजात मी बेडूक आणि उंदीर फाडले आहेत, तेव्हा मला कधी काही झालं नाही. या अनोळखी माणसाच्या मळाला मात्र बोट लावायलाही मला होईना. मी रुमाल ओला करून ती रेघ पुसली, साबणावरचा केस काढला, फणी आरशामागं ढकलली आणि रुमाल खिडकीतून बाहेर टाकून दिला.

स्नानघराच्या कोपऱ्यात खुर्चीएवढी उंच सागवानी पेटी होती. वर बिजागरीचं झाकण आणि मागच्या भिंतीत झाडूवाल्यासाठी बाहेरून यायचं बुटकं दार. असली पेटी मी आमच्या वॉर्डनसाहेबांच्या बंगल्यात पाहिली होती. झाकणाखाली बसायची फळी, फळीला गोल भोक, भोकात भांडं. झाकण उघडायला माझा हात धजला नाही. तेवढ्यात आत्या मागं येऊन उभी राहिली.

"ह्यात काय हाय रे?"

खरं सांगितलं असतं तर त्याच क्षणी ती कोकिळाचा हात धरून दमणीत जाऊन बसली असती. आंघोळीच्या जागेला लागून तसली पेटी! शिवाय ज्या बाईनं मला वाढवलं तिच्यासमोर तो शब्द उच्चारायची आमच्यात रीत नाही. मी म्हणालो, रेल्वेची भांडी ठेवायची पेटी आहे.

"भांडीबी देतेत?" आत्यानं विचारलं आणि तिला ते पटलं.

वेटिंग रूमचा बेअरा दारात उभा राहून वाकत होता. थोड्याच वेळापूर्वी पाणी मागायला दाराशी आलेल्या एका बाईला त्यानं हाकलताना मी ऐकलं होतं, आता त्याच तोंडानं तो आत्याला म्हणाला, "ये सब आपकेच वास्ते है, अम्मा." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पानाचा लाल ओघळ सुकला होता. लिंबू सरबताचे ग्लास आणताना त्याचे अंगठे पहिल्या पेरापर्यंत सरबतात बुडाले होते. मी ग्लासाची दुसरी बाजू शोधून प्यायलो. कोकिळानं ग्लासातला बर्फ तोंडात घेतला, दातांनी फोडला आणि डोळे मिटून घेतले. बर्फ तिनं पहिल्यांदाच चाखला होता. तिच्यापुढे मी अंगठ्याचा विषय काढला नाही.

आत्यानं खोलीचा कोपरान् कोपरा पाहिला. खुर्च्यांचे हात इतके लांब का, तिनं विचारलं. साहेब लोक त्यावर पाय टाकून निजतात, असं कळल्यावर इकडंतिकडं बघून तिनंही एक पाय टाकून पाहिला, मग दुसरा, आणि पदर तोंडावर घेऊन हसत सुटली. "बन्सी, सरकारला म्हन, विलायत ऱ्हाऊ द्या, आमाला हितंच दोन वर्सं ऱ्हायला सांगा." आत्याला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कोकिळा आधी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. मग हळूच माझ्या शेजारच्या खुर्चीत मागं रेलली. दिवसाउजेडी, वडीलधाऱ्या माणसासमोर, आम्ही नवराबायको शेजारी शेजारी बसलो आहोत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दाराच्या झडपांमधून फलाट दिसत होता. तिसऱ्या वर्गाची माणसं नळाभोवती घागरी आणि लोटे घेऊन बसली होती आणि नळाला पाणी नव्हतं. आमच्या स्नानघरात भिश्ती एकामागून एक मशका रिकाम्या करून जात होता. आत्यानं आंघोळ केली, मी केली. वापरलेलं पाणी भिंतीतल्या मोरीतून बाहेर रुळांकडे जात होतं आणि एक म्हातारी तिथं वाकून पाय धूत होती. तिच्या पायांवरून माझ्या अंगाचा साबण वाहताना मी पाहिला. खुर्चीत मला बरं वाटत होतं, हे खोटं नाही. आणि बरं वाटतंय याचीच शिसारी येत होती.

एक वाजता सामानाच्या पावतीसाठी मला बोलावणं आलं. जाताना मी पाहिलं, आत्या बोचकं सोडत होती. आमच्या घरातली रीत अशी, की लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला घरातल्या थोर बाईनं स्वतःच्या हातानं दहीपोहे कालवून त्याच्या तळहातावर द्यायचे. कालवलेलं सगळं तिथंच संपवायचं. भांड्यात शीत उरलं तर जाणाऱ्याचं मन मागं ओढत राहतं आणि परदेशी त्याला अन्न गोड लागत नाही, असं मानतात. ज्यानं पाठवायचं त्यानं शेवटची चिमूट खायची. आत्यानं दही बरोबर आणलं होतं, पण वाटेत दगडावरून दमणी उसळली आणि मडक्याला चीर गेली. फडक्यात घट्ट गुंडाळून तिनं ते कसंबसं इथवर आणलं होतं.

सामानाच्या बाबूला अर्ज उर्दूत आणि दोन प्रतींत हवा होता. परत यायला मला अर्धा तास लागला. कोकिळा आंघोळीला गेली होती. आत्या चटईवर बसली होती, तिच्यापुढं ओल्या फडक्यानं झाकलेलं भांडं होतं. हात पुढं कर, ती म्हणाली. मला भूक लागली होती. तळहातावर तिनं दिलेले तीन घास मी खाल्ले. दही घट्ट, सायीचं, वर जिऱ्याची आणि मिरचीची फोडणी. चव अजून आठवते आणि आठवू नये असं वाटतं.

तिसरा घास गिळताना मागच्या व्हरांड्यातून कुणीतरी दबक्या आवाजात "साहेब" अशी हाक मारली. बाहेर झाडूवाला उभा होता. नाव विचारलं तर भुजंग म्हणाला. तो माझ्यापासून पाच हात लांबच थांबला आणि जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"रागावू नका साहेब. आतलं भांडं दिसंना."

कोणतं भांडं, मी विचारलं.

"पेटीतलं. पांढरं." मग त्याला वाटलं असावं की मी त्याच्यावर आळ घेतो आहे, कारण तो भरभर सांगू लागला. "काल एक साहेब उतरले व्हते, त्यायला जुलाब लागले व्हते. रातभर. म्हनून म्या सकाळी राखेनं घासलं अन् मंग फिनेलनं. दोनदा घासलं, साहेब. कामचुकारपना न्हाई केला. भांडं गेलं तर माजी नोकरी जाईल."

माझ्या तोंडात एकदम पाणी सुटलं, पातळ आणि खारट. जिभेवर जिऱ्याचा एक दाणा उरला होता, तो थुंकावा की गिळावा हे मला ठरवता येईना. अशा वेळी डोकं त्याच्या सवयीचंच काम करतं. राख, म्हणजे अल्कली. फिनेल, तेही दोनदा. सकाळपासून सहा तास. आत्यानंही धुतल्याशिवाय वापरलं नसणार. जंतू जिवंत असण्याचा संभव अगदी थोडा. थोडा, पण शून्य नव्हे. हा हिशेब मी एखाद्या परीक्षेत लिहिला असता तर पूर्ण गुण मिळाले असते. पोटाला हिशेब कळत नव्हता. व्हरांड्याच्या खांबाला धरून मी उभा राहिलो आणि भुजंगला म्हणालो, अर्ध्या तासात तुझं भांडं जागेवर येईल, बेअऱ्याला बोलू नकोस.

आत गेलो तेव्हा कोकिळा आंघोळ करून आली होती. ओल्या केसांवरून पदर घेऊन ती आत्यासमोर बसली होती. फडकं बाजूला झालं होतं. भांडं पत्र्याचं, वर पांढरा चकचकीत मुलामा दिलेलं, काठाला निळी रेघ, एका बाजूला कान, काठ रुंद आणि बाहेर वळलेला. पांढऱ्या दह्यात मिरचीचे हिरवे तुकडे.

"तूच सांगतोस ना, पितळंत दही कळकतं म्हनून," आत्या मला म्हणाली. हे खरंच मी तिला सांगितलं होतं, दोन सुट्ट्यांमध्ये, पितळ आणि आंबट यांची प्रक्रिया सोप्या शब्दांत समजावून. "मंग म्हनलं रेल्वेच्या पेटीत बघावं. एकच भांडं निघालं, पन काय चकचकीत. मी तीनदा धुतलं. अन् बन्सी, ते डुगडुगू नये म्हनून आत फळीला गोल भोक पाडलंय, बराबर भांड्याच्या मापाचं. लय डोकं लावलंय मानसानं."

मी म्हणालो, कोकिळाला देऊ नका, तिला गाडी लागते.

"कदी बसली व्हती गाडीत, लागायला?"

मी म्हणालो, दही आंबट झालंय.

"तीन घास गिळलास तवा न्हवतं झालं?"

आता उरलं होतं ते फक्त खरं. मी तोंड उघडलं. पुढं काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. आत्या ओरडली नसती. ती उठली असती, तोंड धुतलं असतं आणि वैजीनाथला बैल जुंपायला सांगितलं असतं. कोकिळा दमणीत चढली असती. गावात पोचल्यावर आत्यानं किती दिवस उपास केले असते ते मला माहीत नाही. एका वाक्याचं काम होतं. दुसऱ्या पारड्यात काल रात्रभर जुलाब झालेला एक माणूस होता आणि समोर माझ्या बायकोचा तळहात. तो शब्द माझ्या घशात होता, दह्याच्या चवीत मिसळलेला, आणि मी तो उच्चारला नाही.

कोकिळानं वर पाहिलं. माझ्याकडे बघतच तिनं हात पुढे केला. "द्या, आत्याबाई."

तिनं सात घास खाल्ले. मी मोजले, नजर दुसरीकडं न्यायची सोयच नव्हती. शेवटी आत्यानं भांड्याच्या कडेनं बोट फिरवून उरलेलं दही गोळा केलं, त्या वळलेल्या काठाच्या आतूनसुद्धा, आणि ते तिनं कोकिळाच्या तळहातावर ठेवलं. कोकिळानं तेही चाटलं. चिमूटभर राहिलं ते आत्यानं स्वतःच्या तोंडात टाकलं, हात जोडले आणि भांडं धुवायला घेऊन गेली. मग ते पदरानं कोरडं करून, भोकात बरोबर बसवून, वरचं झाकण लावून आली. दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी ठेवल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

दारात जाऊन तिनं हाक मारली. "वैजीनाथा, पोरीची ट्रंक उतरीव."

गाडी वेळेवर आली. डब्यात गाद्या होत्या, खिडक्यांना जाळ्या होत्या, आत्यानं हात फिरवून सगळं पाहिलं. तिनं कोकिळाला जवळ घेतलं, दोघी रडल्या. मला म्हणाली, मी उगा अडून बसले व्हते, इतकी सोच्छ जागा आपल्या घरात न्हाई. मग गार्डानं शिट्टी दिली तशी खिडकीजवळ येऊन, मागावं की न मागावं अशा आवाजात बोलली. "येताना तसलं एक भांडं आन मला विलायतेहून. दह्याला."

आणतो, मी म्हणालो.

पेडगाव येण्याआधी मी डब्यातल्या मोरीत वाकून सगळं बाहेर काढलं, सरबतासकट. परत आलो तेव्हा कोकिळा खिडकीशी बसली होती. ती उठली नाही.

"तुमाला झाडूवाल्यानं सांगितलं," ती म्हणाली.

तुला कसं कळलं, मी विचारलं.

"आंघोळीला गेले तवा पेटी उघडली मी. भोक बघितलं. बसायची जागा मला बी कळती. बाहेर आले तर तुमी खाऊन झाडूवाल्याशी बोलत व्हतात. आदी आले असते तरी सांगितलं नसतं. तुमी वकला असता, मंग आत्याबाईनं इचारलं असतं."

मी तिच्यासमोर बसलो.

"किळस मला बी आली," ती म्हणाली. "गिळली. दमनीत बसन्यापरीस बरं म्हनून गिळली." मग पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती आली. "काय म्हनला तो? कवाचं व्हतं?"

इथं मला तिला सांगता आलं असतं. आता आत्या नव्हती, दमणी नव्हती, तिला कुणी परत नेणार नव्हतं. समोर बसलेल्या बाईनं माझ्यासोबत येण्यासाठी काय केलं ते मला ठाऊक होतं, आणि मी तिला निदान खरं उत्तर देणं लागत होतो.

"कित्येक दिवसांत कुणी वापरलं नव्हतं म्हणाला," मी म्हणालो. "नवंच आहे जवळपास."

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले. थोड्या वेळानं पदर मागं सारून ती वाऱ्याला बसली. सेलूला तिनं खिडकीतून स्वतः हाक मारून उकडलेल्या शेंगा घेतल्या, तोंडानं फोडल्या, टरफलातलं खारट पाणी चोखलं आणि भुकेल्या माणसासारखी खायला लागली. मलाही मूठभर दिल्या. मी त्या गादीवर ठेवून दिल्या. तिच्या हलणाऱ्या तोंडाकडं मला बघवत नव्हतं. ज्या तोंडासाठी मी चार वर्षं हैदराबादेत रात्री काढल्या होत्या ते तोंड समोर होतं आणि मी खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होतो.

अशा दुखण्याची लक्षणं दिसायला एक ते तीन दिवस लागतात. मनमाड येईपर्यंत मी चार वेळा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. चौथ्यांदा तिनं माझा हात तिथंच धरून ठेवला आणि डोळे मिटले. तिला ती माया वाटली.